मिळून ऐकण्याची रीत

श्रोते हो, गाणे एकट्याने ऐकावे की चौघांत बसून, असा प्रश्न कोणी केला तर गावाकडचा माणूस हसेल. भजन असो, कीर्तन असो, जत्रेतला तमाशा असो, आपल्याकडे एकट्याने ऐकण्याची सोयच मुळी नव्हती. ती सोय यंत्राने आणली. 1877 साली अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ केला, पुढे दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीचा ग्रामोफोन काढला, आणि 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा गोरा गृहस्थ कलकत्त्यास येऊन गौहरजानचा आवाज तबकडीवर घेऊन गेला. गाणे संपताच बाई इंग्रजीत स्वतःचे नाव ठणकावून सांगतात. तबकड्या छापायला जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हे गाणे कोणाचे ते कळावे म्हणून ही युक्ती, असे सांगतात.

आता यात एक अडचण होती, आणि आजची आपली गोष्ट त्या अडचणीचीच आहे. तबकडी महाग, त्यावरचे गाणे तीन-चार मिनिटांचे. पदरचे पैसे मोजून माणूस काय घेणार? जे ओळखीचे तेच. दुकानदार तरी काय ठेवणार? जे खपते तेच. नाटकातले गाजलेले पद घरोघरी पोचले ते असे. पण जे कोणी ऐकलेलेच नाही, आणि एकदा ऐकून जे कळतही नाही, त्याचे काय? कळत नाही म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून ते कळण्याची वेळच येत नाही. हे कोडे सुटले कसे, ते पाहू.

‘अल्बम’ हा शब्द आपण फोटोंच्या वहीसाठी वापरतो ना? गाण्याचा अल्बमही तसाच, खरोखरीची वही. युरोपातली मोठी रचना अर्धा तास, पाऊण तास चालायची. ती एका तबकडीवर मावणार कशी? म्हणून चार-पाच तबकड्या कागदी खिशांत घालून वहीसारख्या बांधीत. 1909 साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची एक नृत्यरचना अशी चार तबकड्यांत काढली. 1913 साली बर्लिनच्या वाद्यवृंदाने आर्थर निकिश यांच्या हाताखाली बेथोव्हेनची पाचवी सिंफनी आठ बाजूंवर वाजवली. पण अशी वही विकत घ्यायची म्हणजे एका माणसाच्या खिशाला चांगलीच झळ, तीही न ऐकलेल्या वस्तूसाठी!

तेव्हा इंग्लंडातल्या शहरांतून, लहान गावांतून लोकांनी ग्रामोफोन मंडळे काढली. कोणाच्या घरी, कोणाच्या शाळेच्या खोलीत जमायचे. एकाने आपल्याजवळच्या तबकड्या आणायच्या, त्या कशाच्या आहेत ते चार शब्दांत सांगायचे, आणि मग सर्वांनी ऐकून बोलायचे. पुढे 1936 साली या मंडळांचा देशव्यापी संघही झाला. काँप्टन मॅकेन्झी नावाच्या कादंबरीकाराने 1923 साली ‘ग्रामोफोन’ हे मासिक सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी सभासदांच्या वर्गणीवर चालणारी एक संस्था उभी केली. कंपन्या ज्या रचना काटछाट करून देत, किंवा देतच नसत, त्या संपूर्ण काढायच्या, हा तिचा हेतू.

याहून मजेची हकीकत वॉल्टर लेग या तरुणाची. तो ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्ये, म्हणजे आपल्या कुत्र्याच्या छापाच्या कंपनीत, नोकरीला होता. ह्यूगो वोल्फ हा ऑस्ट्रियन संगीतकार 1903 साली वारला होता. जाणकार त्याला मानीत, पण त्याची गीते तबकडीवर घ्यायला कंपनी धजत नव्हती. लेगने 1931 साली तोड काढली. आधी पाचशे वर्गणीदार मिळवू, मगच ध्वनिमुद्रण करू. आपल्याकडे डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी वर्गणीदार मिळवले, तशातलाच हा प्रकार म्हणा. पाचशे झाले, आणि त्यांत शंभरावर वर्गणीदार जपानातले निघाले! याच पद्धतीने 1932 ते 1935 या काळात आर्थर श्नाबेल या वादकाने बेथोव्हेनचे पियानोसाठीचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटा वाजवून ठेवले. ते आजही लोक ऐकतात. हे सगळे झाले ते न ऐकलेल्या वस्तूवर आगाऊ पैसे लावणाऱ्या लोकांमुळे.

त्या मंडळांतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दर चार मिनिटांनी तबकडी संपायची. कोणीतरी उठायचे, बाजू उलटायचे, चावी द्यायचे, सुई बदलायचे. पोलादी सुई एका बाजूला एक लागे, आणि तबकडीला जपणारे बांबूची सुई वापरीत. तिचे टोक दर वेळी कातरून घ्यावे लागे. तेवढ्यात लोक बोलणारच. “आता काय झालं बरं?” “मघाचाच सूर परत आला वाटतं.” रसभंग होई हे खरे, पण अनोळखी गाणे असे घासाघासाने पोटात जाई. 1948 साली अमेरिकेत लांब तबकडी निघाली, एका बाजूला वीस मिनिटांवर वाजणारी, आणि ही उठाठेव संपली. संगीताचे त्यात भलेच झाले. आमच्याकडचे ख्याल तर तीन मिनिटांच्या कोंडीतून सुटले. बोलणे मात्र कमी झाले असणार.

रेडिओ आल्यावर हीच रीत रेडिओनेही उचलली. विलायतेत 1928-29 च्या सुमारास बीबीसीने श्रोत्यांची मंडळे सुरू केली. कॅनडात 1941 साली शेतकऱ्यांची रेडिओमंडळे निघाली. आणि तिसरे नाव ऐकून तुम्हाला नवल वाटेल: पुणे. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग केला. प्रत्येक गावी वीसेक जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम. ऐकून झाले की तिथेच चर्चा, आणि चिटणिसाने प्रश्न लिहून केंद्राकडे धाडायचे. विषय गाण्याचे नव्हते, शेतीभातीचे, गावच्या कारभाराचे होते. पण आपल्या मुद्द्याला लागणारा पुरावा इथेच आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आधी आणि नंतर पाहणी केली. शेजारी काही गावे अशी निवडली होती की जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि काही अशी की जिथे दोन्ही नाही. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या आसपासही आली नाहीत. पेटी तीच, आवाज तोच. फरक होता तो ऐकल्यावर बोलण्याचा.

याच्या उलट धडाही आपल्याच नभोवाणीच्या इतिहासात आहे. डॉ. बा. वि. केसकर 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस पुण्याचा, अभिजात संगीताचा कळवळा असलेला. त्याच वर्षी शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे उत्तरेकडच्या श्रोत्याला घरबसल्या कर्नाटक संगीत ऐकू येऊ लागले, दक्षिणेकडच्याला ख्याल. हे काम मोठेच. पण त्याच काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय करावे? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. शेवटी 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविधभारती सुरू करावी लागली. मला वाटते, त्या रागसंगीतात काही खोट नव्हती. ‘हे ऐक’ म्हणून सांगणारा होता, पण ‘कसं वाटलं रे?’ म्हणून विचारणारा शेजारी नव्हता. आणि गंमत पाहा, सिलोनच्या गाण्यांसाठी मात्र लोकांनी आपण होऊन गावोगावी श्रोतासंघ काढले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्या शाळेत हे कसे जमेल? पूर्वी ग्रामोफोन नसे, असला तर तबकडी नसे. आज जुन्या तबकड्या मोबाइलवर मिळतात, तेव्हा ती सबब राहिली नाही. एक उदाहरण घेऊ. केसरबाई केरकर, जन्म 1892, गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची भैरवीची एक तबकडी आहे, साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर. सातवी-आठवीची मुले घ्या, चार पालक आले तर उत्तमच. गाणाऱ्या बाईचे नाव आधी सांगू नका. थोर म्हणून सांगितले की मुले माना डोलवायला लागतात. एकदा नुसते ऐकवा. मग ज्याला जे वाटले ते बोलू द्या. “खरखर फार आहे” असे कोणी म्हणेल, “म्हातारी बाई रडतेय जणू” असेही म्हणेल. म्हणू द्या, लगेच दुरुस्त करू नका. दुसऱ्या वेळी एकच काम द्या: बाई श्वास कुठे घेतात तिथे बोट वर करायचे. बोटे फारशी वर होत नाहीत, आणि मुले एकमेकांकडे पाहू लागतात. मग नाव सांगा, आवाज खुला टाकून आकारात गाण्याची त्या घराण्याची तऱ्हा सांगा, भैरवीतले त्यांच्या ओळखीचे एखादे गाणे गुणगुणून दाखवा, आणि तिसऱ्यांदा लावा. पुढल्या आठवड्याची तबकडी मात्र त्यांच्यापैकी कोणीतरी आणायची, घरी आजोबांना विचारून म्हणा, आणि ती गुरुजींच्याही ओळखीची नसली पाहिजे, एवढी अट घाला.

त्यानंतर मुलांना या तबकडीची पुढची हकीकत जरूर सांगा. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, जगातले निवडक संगीत भरलेली. त्यात आपल्या देशाचे म्हणून एकच गाणे आहे, आणि ते केसरबाईंची हीच भैरवी. याने सूर्यमालेतल्या ग्रहांच्या कधीच पलीकडे गेली. ती कोणाच्या हाती लागतील, त्यांना कान असतील की नाही, देव जाणे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुई दिली आहे, आणि वेष्टनावर चित्र कोरले आहे: सुई कुठे टेकवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची त्याचे.