नळीतील आटे

बंदुकीचे नाव काढले की आपल्याला तिचा बार आठवतो, धूर आठवतो. तिच्या नळीत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. परंतु तिचा खरा गुण ठरतो तो तेथेच. नळी आतून गुळगुळीत ठेवावी की तिच्यात मळसूत्रासारखे आटे पाडावेत, आणि पाडायचे तर किती, केवढे खोल व किती पिळाचे, हा प्रश्न कारागिरांना शतकानुशतके सोडवावा लागला. त्याचीच हकीकत आज पाहू.

आरंभ आपल्या गोव्यापासूनच करू. १५१० साली आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतला. १५१३ मध्ये राजा मानुएल याला लिहिताना त्याने येथील बंदूक घडविणारे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीचे असल्याचे कळविले. त्यांच्या नळ्यांचे बूड मळसूत्री बुचाने बंद केलेले असते, हेही नमूद केले. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या तोड्याच्या बंदुका गोव्याच्या घडणीच्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात.

मळसूत्र ठाऊक असूनही या नळ्या आतून गुळगुळीत राहिल्या. हे अज्ञान नव्हे. काळ्या दारूची काजळी नळीत साचते. आटे असले तर त्यांत ती अधिकच अडकते. शिवाय आट्यांनी गोळी पकडावी म्हणून ती घट्ट बसवावी लागे आणि गजाने ठोकून उतरवावी लागे. सैल गोळी मात्र पटकन भरता येई. १७४६ मध्ये पेडण्याकडील हळर्ण व तेरेखोल येथे लढाया झाल्या. पुढे १७८१ मध्ये डिचोली व १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले. तो सारा काळ मुख्यतः गुळगुळीत नळीचाच होता. या मुलखातील दाट झाडीत नजरच दूर पोहोचत नाही; तेथे लांब पल्ल्यापेक्षा झटपट भरणी मोलाची. पुढील काळात रानडुकरांपासून शेत राखणाऱ्यालाही ठासणीची गुळगुळीत नळीच बरी. कारण आट्यांच्या नळीतून उडालेले छर्रे फिरकीमुळे चौफेर पांगतात.

मग आटे हवेत कशाला? फिरणारा भोवरा जसा उभा राहतो, तशी फिरत जाणारी गोळी आपली दिशा सोडत नाही. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४७ मध्ये हे तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. तरी भरणीची अडचण सुटायला आणखी शंभर वर्षे गेली. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीत तीन आटे होते आणि ७८ इंचांत त्यांचा एक वेढा पुरा होई. तिची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे. बार होताच ती फुगून आट्यांत बसे. ती सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावीत, आणि तो कागद शिपायाने दातांनी फाडावा, अशी कवाईत होती.

पुढचे आपण जाणतोच. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक. परंतु ठिणगी पडली ती या चरबीच्या संशयातून. आपल्या शेजारी कोल्हापुरातही २७ वी पलटण ३१ जुलै रोजी उठली. आटे अचूक होते, गोळी उत्तम होती. काडतूस ज्याच्या दातांखाली जाणार, त्या माणसाचा विचार मात्र कोणी केला नाही.

लोखंडाचा न्यायही तितकाच कठोर आहे. पुढे गोळी बारीक व लांबट झाली, तसा पीळही घट्ट करावा लागला. मार्टिनी-हेन्रीत २२ इंचांत एक वेढा होता, १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये १० इंचांत. मेटफर्डने सात उथळ, गोलसर काठांचे आटे पाडले, म्हणजे काजळी धरू नये. परंतु लवकरच काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आले. त्याची काजळी थोडी, पण आच भयंकर. ते उथळ आटे झपाट्याने झिजले. अखेर १८९५ मध्ये खोल, चौकोनी काठांचे पाच आटे पत्करावे लागले. एका दारूसाठी जे शहाणपण, तेच दुसऱ्या दारूपुढे दोष ठरले.

तेव्हा सर्वोत्तम आटे कोणते, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. दारू कोणती, गोळी कोणती, पल्ला किती आणि ती भरणारा हात कोणाचा, हे आधी विचारावे लागते. अवजार घडविणाऱ्याने पहिल्या तीन प्रश्नांइतकाच चौथाही मनावर घ्यावा, हा त्या तीन आट्यांचा धडा आहे.