भुलाबाईचा खाऊ आणि मोबाइलमधली गाणी



भादव्याची पौर्णिमा आली की आपल्या विदर्भात घरोघर भुलाबाई बसते. तिथून कोजागिरीपर्यंत पोरी या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते. नुसत्या आवाजावरून पोरी अंदाज बांधतात. फुटाणे आहेत का? मुरमुरे आहेत का? गोड आहे की तिखट? चुकलं तर पुन्हा हलवायला लावतात.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटानं ठरवलं, की लहान पोरींना भुलाबाईची जुनी गाणी शिकवायची. आम्हा बऱ्याच जणींना दोन-चार ओळींच्या पुढे आठवत नव्हतं. म्हणून एका मैत्रिणीच्या मुलाचा मोबाइल मागून घेतला आणि त्यावर शोधलं. पहिली दोन गाणी भुलाबाईची निघाली. तिसरं आपोआप लागलं ते पुण्याकडच्या भोंडल्याचं. चौथ्याला तर वरातीतला डीजे सुरू झाला. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "हे काही आपलं नोहे व माय!" सगळ्या हसलो, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचं गाणं कोणतं लावायचं, हे ठरवतं कोण? आणि मोबाइल यायच्या आधी ते कोण ठरवायचं? आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आपल्या आज्यांच्या काळी नवं गाणं लेकीसुनांसोबत यायचं. लेक सासरी गेली की माहेरच्या ओव्या तिच्यासोबत जायच्या. पहाटे जात्यावर दुसरी बाई समोर बसली की एकीची ओवी दुसरीला मिळायची. सण, लग्न, बारसं अशा निमित्तानं गाणी एका गावातून दुसऱ्या गावात पोचायची. कुणाला काय आवडेल हे बायांना माहीत असायचं, कारण त्या एकमेकींना ओळखत होत्या.

मग यंत्रं आली. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी त्या होत. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तबकड्या तयार व्हायच्या परदेशात. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ही सोय होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे. तबकडीचं यंत्र मात्र श्रीमंताघरी असे. आपल्या घरात ते यायचं कारणच नव्हतं.

गोरगरिबांपर्यंत गाणं पोचवलं ते रेडिओनं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झालं. एका घरी रेडिओ असला की अख्खी आळी ऐकायची. पण काय ऐकायचं, हे वर बसलेली माणसं ठरवत. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास नाहीशी झाली. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि श्रीलंकेतून येणारं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरात गेला. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीनं विविध भारती काढली आणि सिनेमाची गाणी परत आली.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. ऐकणाऱ्यांनी कान दुसरीकडे वळवले, तेव्हा मोठ्या केंद्रालाही बदलावं लागलं. विविध भारतीवर फर्माइशीची पोस्टकार्डं जायची. आजच्या झारखंडमधलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव त्या पत्रांमुळेच देशभर ठाऊक झालं. कारण तिथले लोक नेमानं लिहायचे. ज्यांनी लिहिलं त्यांचं नाव रेडिओवर आलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची आवड कुणाच्या मोजणीतच आली नाही. त्यात आपल्या कितीतरी आया, आज्या होत्या.

1980 च्या सुमारास कॅसेट आली. ती स्वस्त होती आणि थोडक्या पैशात भरता यायची. मोठ्या कंपन्यांनी कधी विचारलं नसतं अशा गायकांची गाणी बाजारात आली. आपल्या नागपूरची दीक्षाभूमी आठवा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह तिथे बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तिथे जनसागर लोटतो. पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटची दुकानं लागायची. दुकानदार मोठ्यानं नवी कॅसेट लावायचा. बाया थांबायच्या, दोन कडवी ऐकायच्या आणि पदराची गाठ सोडून पैसे काढायच्या. गावी गेल्यावर तीच कॅसेट दहा घरांत फिरायची. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीचं मेमरी कार्ड झालं.

2016 मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि यूट्यूब गावात आलं. गाना, जिओसावन, स्पॉटिफाय अशी गाण्यांची ॲप आली. आता कॅसेट विकत घ्यायला नको, एका बोटावर लाखो गाणी. पण लाखो गाण्यांतून आपण शोधणार किती? म्हणून ॲपच सुचवू लागलं, 'तुम्हाला हे आवडेल.'

त्याला कसं कळतं? जादू नाही त्यात. समजा, आपल्या गटातल्या सुमनताईंनी एक भजन आणि एक गवळण ऐकली. शोभाताईंनी तीच दोन ऐकली आणि वर एक भारूडही ऐकलं. तर यंत्र सुमनताईंना ते भारूड दाखवतं, कारण दोघींची आवड जुळते असं ते धरतं. अशा कोट्यवधी लोकांच्या नोंदी ते जुळवत असतं. गाणं शेवटपर्यंत ऐकलं की मध्येच बदललं, पुन्हा लावलं की नाही, सगळं ते बघतं. म्हणजे डबा हलवून खाऊ ओळखण्यासारखंच आहे हे. आपण जितका डबा हलवू, तितकाच अंदाज त्याला बांधता येतो.

आता आमचा घोटाळा कळला ना? मोबाइल मुलाचा होता. रोज डबा हलवत होता तो, आणि खाऊ ओळखायला बसलो आम्ही. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो बहुतेक पुरुषांच्या नाहीतर पोरांच्या हाती असतो. मग यंत्र त्यांचीच आवड शिकतं. पोस्टकार्डाच्या काळी झालं तेच पुन्हा होतंय. आपण मोजणीत नाही.

आणि दुसरं कारण. जे तिथे कुणी ठेवलंच नाही, ते यंत्र दाखवणार कुठून? भोंडल्याची गाणी पुण्या-मुंबईच्या बायांनी पुष्कळ टाकलीत. भुलाबाईची त्यामानानं थोडी आहेत.

पण जिथे कुणी मेहनत घेतली, तिथे काय झालं तेही ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव सगळं टिपलं. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, ओव्या मात्र राहिल्या. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचायला, ऐकायला मिळतात. आपल्या आजीची ओवी आपल्या नातीला सापडू शकते, ती नाव-गाव लिहिल्यामुळे. गौहर जान नाव सांगत, ते असं.

छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनाही तुम्ही ऐकलं असेल. हातात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गात त्यांनी संसार ओढला. कुणीतरी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोचला.

म्हणून आम्ही काय केलं, ते सांगतो. गटात एकीच्या मोबाइलवर गटाचं वेगळं खातं उघडलं. त्यावर फक्त आपल्या आवडीचं ऐकायचं. टाइप करता येत नाही तिथे माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं. आवडलं तर अंगठा दाबायचा. नको ते आपोआप लागलं तर बंद करायचं, ऐकत बसायचं नाही. मग त्या आजींना आणि त्यांच्या बरोबरीच्या बायांना बोलावलं, त्यांची परवानगी घेतली आणि अकरा गाणी भरून यूट्यूबवर टाकली. प्रत्येकीखाली लिहिलं : भुलाबाईचं गाणं, म्हणणारीचं नाव, गाव, तालुका. एका काकूंना नाव द्यायचं नव्हतं, तर त्यांचं नुसतं गाव लिहिलं.

फार जणांनी ऐकलं नाही. पण दिवाळीच्या आधी आमच्या गावची एक लेक, जी सुरतेला नांदते, तिचा फोन आला. ती भुलाबाईची गाणी शोधत होती, आणि मोबाइलनं तिला पुढचं म्हणून आजींचं गाणं दाखवलं. ती म्हणाली, आवाज ओळखला आणि भाजी करपली. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आता बाकीची बी भरून घ्या, मले अजून येतात."

या भादव्यात आम्ही उरलेली गाणी भरणार आहोत. तुमच्या गावातही अशा आजी असतील. त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा, आणि गाण्याखाली नाव-गाव लिहायला विसरू नका.