पायमेक
पायमेक : भूजल प्रतिमानाच्या आज्ञावल्या मूळ संकेतापासून संकलित करणारे पायथन भाषेतील साधन. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जलशास्त्रज्ञांनी ते मुख्यतः मॉडफ्लो (पहा : मॉडफ्लो) या भूजल प्रतिमानाच्या विविध आवृत्त्यांसाठी विकसित केले; मूळ मॉडफ्लो १९८४ मधील आहे. मॉडफ्लो फोर्ट्रान (पहा : फोर्ट्रान) भाषेत लिहिलेले असून त्यातील एक मॉड्यूल दुसऱ्यावर विसंबून असल्याने फायली वाटेल त्या क्रमाने संकलित होत नाहीत. फायलींतील ‘यूज’ विधाने वाचून पायमेक हा क्रम ठरवते, जीफोर्ट्रान किंवा जीसीसी संकलक चालवते आणि थेट चालवता येणारी फाइल तयार करते. मेकफाइलही ते लिहून देते. संगणकानुसार संकलन करता येणे, हे त्याचे महत्त्व. प्रतिमानाची योग्यता मात्र वेगळी तपासावी लागते : उदा., कोल्हापूर परिसरातील बेसॉल्टमध्ये (पहा : दक्खन ट्रॅप) पाणी मुख्यतः अपक्षीण थरांत व भेगांत असते, तर मॉडफ्लो सलग सच्छिद्र माध्यम गृहीत धरते.