विहिरीवरचे ऑइल इंजिन आणि सोलापूरचा फिटर

सोलापूर जिल्ह्यातील विहीरबागायत पिढ्यानपिढ्या मोटेवर चालली. बैलजोडी धावेवरून उतरली की चामड्याची मोट भरून वर येई. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात पाणी खोल गेले की मोट तोकडी पडे. तिची जागा ऑइल इंजिनाने घेतली.

इंग्लंडच्या लिस्टर कारखान्याची संथ इंजिने 1930 नंतर जगभर गेली. त्याच दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने बनवली. 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्याची इंजिने मळ्यामळ्यांत पोचली. यंत्रकाम सोलापूरला नवे नव्हते. 1860 मध्ये रेल्वे आली होती, 1877 पासून ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी चालू होती. लेथ, बोअर, फिटिंग ही कामे शहराच्या अंगवळणी पडलेली होती.

जुने इंजिन ‘मिसिंग’ करू लागले की फिटरची पहिली परीक्षा कानाची असे. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनात मिनिटाला सव्वातीनशे ठोके पडतात, त्यामुळे चुकलेला ठोका सहज कळतो. पाच अश्वशक्तीच्या किर्लोस्कर एव्ही-वन इंजिनाचे फेरे 1500. तिथे कान पुरत नाही, म्हणून फिटर नोझलच्या नळीवर बोट ठेवून डिझेलचा धक्का तपासतो.

डिझेल इंजिनात प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटते. त्यामुळे दोष शोधण्याचा क्रम डिझेलपासून सुरू होऊन कॉम्प्रेशनपर्यंत जातो, आणि हा क्रम पाळणे हेच या धंद्याचे खरे कसब. घाईने हेड उघडणाऱ्याचे पॅकिंग वाया जाते, आणि दोष बहुधा टाकीतल्या पाण्यात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्येच सापडतो. टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडले असेल, तर नळीत एअर धरलेली असते. स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, मग हँडल मारायचे. नोझल सुमारे 200 किलो दाबाला उघडून बारीक फवारा मारायला हवे. ते ठिबकू लागले की धूर काळा होतो आणि ठोका जड पडतो.

धुराचा रंग बरेच काही सांगतो. एअर क्लीनर धुळीने बुजला तरीही धूर काळाच. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा दोष नेहमीचा. पांढरा धूर म्हणजे न पेटलेले डिझेल, मग टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघावे लागते. निळा धूर दिसला की रिंगा आणि लायनर झिजलेले असतात. त्यातून ऑइल वर चढते. हँडल फिरवताना सिलिंडरने अडवले नाही, तर व्हॉल्व्ह बसवून टॅपेटची फट नीट करणे भाग पडते. इंजिन कधी जोरात, कधी मंद होत राहिले, तर अडकलेला गव्हर्नर मोकळा करतात.

1972 च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या आणि इंजिनांना उसंत उरली नाही. पुढे 1980 मध्ये उजनी धरण झाले, खेडोपाडी वीज पोचली. नव्या विहिरींवर विजेचे पंप बसू लागले आणि नोझल-पंपाच्या कामाबरोबरच मोटार वाइंडिंगची दुकाने वाढली. वीज जिथे भरवशाची नाही, तिथे डिझेल इंजिन आजही चालू असते.