वाडीच्या पालखीपासून ‘वरच्या सा’पर्यंत

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील दत्तक्षेत्र. ‘नरसोबाची वाडी’ किंवा नुसते ‘वाडी’ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. येथील पेढे आणि बासुंदी यांची कीर्ती मोठी. वाडी हे गाण्याचेही गाव आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. येथील पालखी पदांच्या गजरात निघते. वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी (१८५४-१९१४) यांची करुणात्रिपदी आणि इतर पदे येथे नित्य म्हटली जातात. अशा क्षेत्री वाढणाऱ्या मुलाला सूर आणि ठेका यांची ओळख करून द्यावी लागत नाही. ती कानावाटे आपोआप होते. दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धांत खेड्यापाड्यांतील मुले शहरी मुलांच्या बरोबरीने, किंबहुना पुढेही, कशी जातात याचे बरेचसे उत्तर अशा गावांत सापडते.

वाडीपासून जवळच नदीपलीकडे कुरुंदवाड आहे. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. बालपणी नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडाला आणि विष्णूची दृष्टी अधू झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत होणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर संगीत हाच मार्ग उरला आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. १८९६ पर्यंत ही तालीम चालली.

त्या काळी गवयापुढे वाटा मोजक्याच होत्या. एखाद्या संस्थानिकाचा आश्रय घ्यावा, देवळात सेवा करावी किंवा नाटक मंडळीत जावे. पलुसकरांनी मिरज सोडले आणि सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गायन केले. आजच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. परंतु गाणे चांगले की वाईट हे ठरविण्याचा अधिकार दरबाराकडून चार पैसे मोजणाऱ्या सामान्य माणसाकडे गेला तो अशाच जलशांतून. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे कोल्हापूरचे नारायणराव व्यास आणि मिरजेचे विनायकराव पटवर्धन त्यांचे शिष्य म्हणून नावारूपाला आले.

दूरचित्रवाणीवरील स्पर्धा हा याच प्रवासाचा पुढला टप्पा मानता येईल. हिंदी ‘सा रे ग म’ १९९५ मध्ये सुरू झाले, तेव्हा सूत्रसंचालन सोनू निगमकडे आणि निकाल जाणकार परीक्षकांकडे होता. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वाने हे चित्र पालटले. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला तो प्रेक्षकांच्या मतांवर. त्यानंतर एसएमएसचा कौल हा अशा प्रत्येक कार्यक्रमाचा कणा बनला. मराठीत झी मराठीच्या ‘सा रे ग म प’ने हीच पद्धत स्वीकारली. मोठ्यांच्या एका पर्वात कोल्हापूरचा अभिजित कोसंबी विजेता ठरला. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी २००८ मध्ये मराठीतील आणि २००९ मध्ये हिंदीतील स्पर्धा जिंकली. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात ‘पिंगा’ या गीतात श्रेया घोषाल यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे.

या साऱ्यांत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते २००८-०९ मधील ‘लिटल चॅम्प्स’चे पर्व. अंतिम फेरीतील पाच मुले पाच ठिकाणची होती. आर्या आंबेकर पुण्याची, रोहित राऊत लातूरचा, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची आणि कार्तिकी गायकवाड आळंदीची. मुंबईचे एकही मूल त्यात नव्हते, हे तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. परीक्षक होते अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे. गुण आकड्यांऐवजी स्वरांत दिले जात. ‘नि’ मिळाला म्हणजे गाणे उत्तम. त्याहून सरस झाले तर ‘वरचा सा’. ‘वरचा सा’ हा शब्दप्रयोग त्या दिवसांत शाळेच्या वर्गापासून कचेरीपर्यंत सर्वत्र ऐकू येई.

कार्तिकीची कथा या पाचांत वेगळी आहे. आर्याच्या आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका. म्हणजे कोल्हापूर दरबारी राहिलेल्या अल्लादिया खाँ यांच्या परंपरेतील. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड हेही गायक आणि गुरू, पण त्यांचे गाणे अभंगाचे, वारकरी वळणाचे. आळंदी हे इंद्रायणीकाठचे ज्ञानेश्वर माउलींचे समाधिस्थान. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे कीर्तन, मृदंग आणि भजन यांचे शिक्षण तेथे अखंड चालू आहे. वाडीला जे स्थान दत्तपदांचे, ते आळंदीला अभंगाचे. अशा वातावरणात कार्तिकीचा गळा तयार झाला. खुला, ठणठणीत आवाज, मोकळी फेक आणि मृदंगाच्या ठेक्यावर तोललेले शब्द. गवळण, अभंग, लोकगीत ही तिची मुख्य हत्यारे होती. स्टुडिओतील झगमगाटात तिचे गाणे एखाद्या दिंडीतून थेट उचलून आणल्यासारखे भासे.

तिला साथही तोलामोलाची मिळाली. कमलेश भडकमकर यांच्या संगीत संयोजनाखाली बासरीवर अमर ओक, तबल्यावर अर्चिस लेले, तालवाद्यांवर नीलेश परब आणि सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू अशी मंडळी होती. भजनी मंडळात वाढलेल्या मुलाला एरवी असा वाद्यवृंद कोठे मिळणार? गावच्या गाण्याला टीव्हीने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल, बक्षिसापेक्षाही मोठी.

फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरीत कार्तिकी विजेती ठरली, तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. निकालावर वादही झाला. रागदारीची तयारी पाहता प्रथमेश किंवा आर्या यांनाच मान मिळावयास हवा होता, असे मानणारा मोठा वर्ग शहरांत होता. एसएमएसने गाणे मोजता येत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. एकाच माणसाने कितीही संदेश पाठवावेत आणि प्रत्येक संदेशामागे वाहिनी व मोबाईल कंपन्यांनी कमवावे, अशा व्यवस्थेला निवडणूक म्हणणे अवघड. तथापि त्या वादातला एक सूर असा होता की, अभंग-गवळण गाणारी मुलगी ‘खरी’ गायिका नव्हे. तो मात्र मान्य करण्यासारखा नाही. मतदानाच्या दोषांची शिक्षा गाण्याच्या प्रकाराला देण्याचे कारण नव्हते.

मुलांवर पडणाऱ्या ताणाचा प्रश्न याहून गंभीर. शाळा बुडवून महिनोन्‌महिने चित्रीकरण, रात्रीची जागरणे, आठ वर्षांच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर मिळणारा नकार. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१०-११ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ‘लिटल चॅम्प्स’मध्ये परीक्षकांचा सूर बराचसा घरगुती राहिला, हे त्या पर्वाचे भाग्य.

स्पर्धेनंतर या पाचांना ‘पंचरत्न’ म्हणून ओळख मिळाली आणि गावोगाव त्यांचे कार्यक्रम झाले. पुढची वाट मात्र प्रत्येकाने आपल्या आधीच्या तालमीनुसार धरली. कार्तिकी अभंग आणि लोकसंगीताकडेच राहिली. मुग्धा व प्रथमेश शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या मैफलींत रमले. आर्याने २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटात भूमिकाही केली. रोहितने तर २०१९ मध्ये पुन्हा स्पर्धेची रांग धरली आणि ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरी गाठली. एका स्पर्धेने मिळवून दिलेले नाव दहा वर्षांनंतर हिंदीत उपयोगी पडले नाही. तेथे पुन्हा पहिल्यापासून गाऊन दाखवावे लागले.

२०२१ मध्ये झी मराठीने ‘लिटल चॅम्प्स’चे नवे पर्व आणले. मृण्मयी देशपांडे सूत्रसंचालक होती आणि परीक्षकांच्या आसनांवर आर्या, रोहित, प्रथमेश, मुग्धा आणि कार्तिकी हे पाचही जण बसले होते.