गुहेचे तोंड कोणत्या दिशेला? : ‘असहाबे कहफ’च्या स्थाननिश्चितीत धर्मग्रंथाचे वाचन

धर्मग्रंथातील वर्णनांच्या आधारे पवित्र स्थळे भूमीवर शोधण्याची प्रवृत्ती सर्वच धर्मपरंपरांत आढळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी रामायणातील लंका सिंहलद्वीपात नसून मध्य भारताच्या पूर्व भागात असावी, असे मत मांडले होते, हे आपल्याकडील अभ्यासकांना ज्ञात आहेच. इस्लामी परंपरेतील अशाच एका स्थळाचा विचार येथे करावयाचा आहे. कुरआनच्या अठराव्या सूरहला, अल्-कहफला, जिच्यावरून नाव मिळाले ती गुहा नेमकी कोठे आहे, या प्रश्नाला गेल्या बारा-तेराशे वर्षांत अनेक उत्तरे मिळाली. तुर्कस्तानातील इफिसस, तार्सुस व अफ्शिन, जॉर्डनमधील अम्मानजवळचे अर्-रजीब, दमास्कसचा कासियून डोंगर, इतकेच नव्हे तर चीनच्या तुर्फान परिसरातील तुयुक येथेही ही गुहा दाखविली जाते. इतक्या स्थळांना एकाच ग्रंथातील मोजक्याच आयतींचा आधार कसा मिळू शकतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कथा थोडक्यात अशी. मूर्तिपूजक समाजाला कंटाळलेले काही एकेश्वरवादी तरुण गुहेत आश्रय घेतात. ईश्वर त्यांना दीर्घकाळ निद्रिस्त ठेवतो. गुहेच्या तोंडाशी त्यांचा कुत्रा पाय पसरून बसलेला असतो. जागे झाल्यावर त्यांच्यापैकी एक जण नाणे घेऊन अन्न आणण्यास नगरात जातो आणि त्यांचा पत्ता लोकांना लागतो. नगराचे, राजाचे किंवा देशाचे नाव कुरआनमध्ये कोठेही नाही. तरुणांची संख्या किती, यावरही वाद घालू नये असे बाविसावी आयत बजावते. मात्र चार तपशील असे आहेत की ज्यांचा उपयोग भूगोलाचा पुरावा म्हणून होत आला : नवव्या आयतीतील ‘रकीम’ हा शब्द, सतराव्या आयतीतील सूर्याची गती, एकविसाव्या आयतीतील गुहेवर उभारलेले प्रार्थनास्थळ आणि पंचविसाव्या आयतीतील तीनशे अधिक नऊ वर्षांचा काळ.

यांपैकी सर्वांत रंजक तपशील सूर्याचा आहे. आयतीचा आशय असा की, उगवताना सूर्य त्यांच्या गुहेपासून उजवीकडे कलतो, मावळताना त्यांना डावीकडे सोडून जातो आणि ते गुहेतील मोकळ्या जागेत असतात. यावरून गुहेचे तोंड उत्तरेला असले पाहिजे, असे चौदाव्या शतकातील भाष्यकार इब्न कसीर (मृत्यू १३७३) यांनी प्रतिपादिले. तत्पूर्वी फख्रुद्दीन अर्-राझी यांनीही हे मत नोंदविले होते. युक्तिवाद सोपा आहे. उत्तराभिमुख गुहेत बसून बाहेर पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला पूर्व व डाव्या हाताला पश्चिम येते. पण तोच निरीक्षक दक्षिणाभिमुख गुहेच्या बाहेर, गुहेकडे तोंड करून उभा राहिला, तरीही उजवीकडे पूर्वच येते! शिवाय ‘उजवीकडे कलतो’ म्हणजे सूर्यबिंब उजवीकडे असते की त्याचे किरण उजव्या भिंतीवर पडतात, हाही प्रश्न उरतो. किरणांचा अर्थ घेतल्यास सारी गणिते उलट होतात. फळ्यावर आकृती काढून पाहावी. निरीक्षकाची जागा आणि क्रियापदाचा अर्थ बदलत गेल्यास उत्तर आणि दक्षिण या दोन्ही दिशा आयतीत बसतात.

मात्र यावरून आयतीला कोणताही अर्थ चिकटविता येतो, असे समजणे चूक ठरेल. थेट पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उघडणारी गुहा या वर्णनात बसणे कठीण आहे. अर्थात पाठ काही शक्यता वगळतो. उरलेल्यांतून एक निवडण्याइतका मात्र तो बोलत नाही. राझी यांनी अझ्-झज्जाज यांच्या नावे दिलेले दुसरे मत तर या साऱ्या भूमितीलाच छेद देते. याच आयतीत पुढे ‘हे ईश्वराच्या चिन्हांपैकी आहे’ असे म्हटले आहे. गुहेचे तोंड उत्तरेला असल्यामुळेच ऊन आत येत नसेल, तर त्यात चमत्कार तो कोणता? म्हणजे ज्या वाक्याला एक भाष्यकार दिशादर्शक मानतो, त्यालाच दुसरा दिशानिरपेक्ष दैवी कृपेचे वर्णन समजतो. आधुनिक काळात अल्लामा तबातबाई यांनी ‘अल्-मीझान’ या भाष्यात इफिससची गुहा आयतीशी जुळत नसल्याचे सांगून अम्मानच्या गुहेला पसंती दिली, तीही याच आयतीच्या आधारे.

‘रकीम’ शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तबरी (मृत्यू ९२३) यांच्या भाष्यात या शब्दाचे अनेक अर्थ संग्रहित आहेत : दरी, गाव, डोंगर, कोरलेला लेख. खुद्द इब्न अब्बास यांना हा शब्द उमगला नव्हता, असेही परंपरा सांगते. रकीम हे स्थलनाम मानणाऱ्यांनी दहाव्या शतकातील भूगोलकार अल्-मुकद्दसी यांचा आधार घेतला. अम्मानपासून एका फर्सखावर रकीम नावाचे गाव असून तेथे गुहा आहे, असे ते लिहितात. रकीमचेच पुढे रजीब झाले, असे या मताचे समर्थक मानतात. १९६३ मध्ये रफीक अद्-दजानी यांनी तेथे उत्खनन केले. बायझंटाइन काळातील कबरी व गुहेवरील प्रार्थनास्थळाचे अवशेष मिळाले. परंतु मुकद्दसी त्या गुहेच्या संदर्भात जी कथा सांगतात ती गुहेत अडकलेल्या तीन प्रवाशांची, हदीसमधील आहे, दीर्घनिद्रेची नव्हे. उद्धृत करताना हा भाग सहसा गाळला जातो.

भारतातही या वादात भर पडली. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी ‘तर्जुमानुल कुरआन’च्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात रकीम म्हणजे पेट्रा, असे मत मांडले आणि बायबलमधील ‘रेकेम’ या नावाचा दाखला दिला. मौलाना मौदूदी यांनी ‘तफ्हीमुल कुरआन’मध्ये यावर आक्षेप घेतला : यहोशवाच्या पुस्तकातील रेकेम बन्यामीन वंशाच्या प्रदेशात मोडते, पेट्रा तेथे असूच शकत नाही. आक्षेप बिनतोड होता. मात्र १९६४ मध्ये पेट्राच्या प्रवेशमार्गावर एक नबाती शिलालेख उजेडात आला आणि त्यात या नगराचे नाव ‘रकमू’ असे आढळले. योसेफस या ज्यू इतिहासकाराने पहिल्या शतकातच असे नाव नोंदविले होते. म्हणजे आझादांचा दाखला चुकीचा, नाव मात्र बरोबर! तरीही नाव जुळल्याने गुहा सापडते असे नाही, कारण कुरआनमधील रकीम हे स्थलनाम आहे, हेच मुळात सिद्ध व्हावयाचे आहे.

इफिससचा पक्ष इस्लामपूर्व ख्रिस्ती परंपरेवर उभा आहे. सम्राट डेसियस (२४९–२५१) याच्या छळातून सुटण्यासाठी गुहेत लपलेले तरुण दुसऱ्या थिओडोसियसच्या (४०८–४५०) काळात जागे झाले, ही कथा सरुगच्या याकोबाने (मृत्यू ५२१) सिरियाक भाषेत पद्यबद्ध केली. १९२०च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी इफिससच्या डोंगरउतारावर चर्च, दफनस्थळे आणि सप्तनिद्रितांना उद्देशून लिहिलेले भक्तांचे लेख शोधून काढले. अडचण काळाची आहे : डेसियसपासून थिओडोसियसपर्यंत फार तर दोनशे वर्षे होतात, तीनशे नव्हेत. म्हणून अम्मानच्या समर्थकांनी छळ करणारा सम्राट म्हणून ट्राजन पुढे केला. इतरांनी तीनशे वर्षे हे लोकांचे म्हणणे आहे, ईश्वराचे नव्हे, असा पुढील आयतीच्या आधारे अर्थ लावला. दोन्ही ठिकाणी प्रक्रिया एकच दिसते. आधी स्थळ ठरते, मग आयतीतील आकड्याचा अर्थ त्यानुसार वळतो.

माझ्या मते येथे तीन प्रश्नांची गल्लत होते. कथा प्रथम कोणत्या स्थळाशी जोडली गेली, कुरआनच्या पहिल्या श्रोत्यांनी ती कोठे कल्पिली आणि घटना कोठे घडली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पुराव्याने देता येते व ते इफिसस असेच आहे. पण ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरता येत नाही, आणि तिसरा इतिहासाच्या साधनांच्या कक्षेबाहेरचा आहे. आयतीला पुरातत्त्वाचा आणि पुरातत्त्वाला आयतीचा आधार देऊन काढलेला निष्कर्ष वर्तुळाकार ठरतो. वर्गात शिकविताना हे सांगण्याचे आपण टाळतो, बहुधा श्रद्धेला धक्का लागेल या भीतीने.

ही भीती अनाठायी आहे. अब्बासी खलिफा अल्-वासिक (८४२–८४७) याने गणितज्ञ मुहम्मद इब्न मूसा यास गुहा पाहण्यासाठी बायझंटाइन प्रदेशात धाडले होते. इब्न खुर्दाजबिह यांच्या वृत्तांतानुसार अमोरियम व नायकिया यांच्या दरम्यानच्या एका गुहेत त्याला औषधी द्रव्यांचे लेप दिलेले देह दाखविण्यात आले. रखवालदाराचा विरोध असूनही त्याने एका देहाला हात लावून पाहिले. आणि इब्न कसीर, ज्यांनी गुहेची दिशा ठरविली, तेच स्थळाविषयीची आयला, निनवे, रोमनांचा देश आणि बल्का अशी मते देऊन सांगतात की, ईश्वराने गुहेचे ठिकाण कळविलेले नाही, कारण ते जाणण्यात धर्मदृष्ट्या काही लाभ नाही. लाभ असता तर त्याने व प्रेषितांनी ते दाखवून दिले असते.

अफ्शिनचे नाव या साऱ्या वादात क्वचितच येते. त्याचे प्राचीन नाव अराबिसस. अरबीतील ‘अब्सुस’ आणि इफिससचे ‘अफ्सुस’ यांच्या साम्यातून कथा तेथे पोहोचली असावी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सेल्जुकांचा अमीर नुसरतुद्दीन हसन याने तेथे मशीद व धर्मशाळा बांधल्या. २०१५ मध्ये हा वास्तुसमूह युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आला, तो सेल्जुक वास्तू म्हणून; गुहा खरी की खोटी, हे त्यासाठी ठरवावे लागले नाही.