व्यसनग्रस्त घर आणि कुटुंबोपचार

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. १९३६ साली गांधीजी ज्या गावी राहावयास आले, त्या सेवाग्रामचा हा जिल्हा. बंदीमुळे दुकान बंद होते. हातभट्टी मात्र आडरस्त्याने येतच राहते. शिवाय जेथे पिणे हाच गुन्हा, तेथे घरातील माणसे ते अधिकच लपवितात आणि उपचारास उशीर होतो.

व्यसन एकाचे असले, तरी सारे घर त्याभोवती स्वतःची मांडणी करून घेते. पत्नी ‘ताप आला आहे’ असे कामाच्या ठिकाणी कळविते. आई उधारी फेडते. थोरली मुलगी धाकट्यांना जेवू घालून निजविते. पावलांच्या आवाजावरून बाबा कसे आले आहेत, हे लहानग्यालाही कळते. उद्या वडील दारू सोडतात, तरी ही मांडणी तशीच राहते: त्यांच्या हाती कोणी पैसे देत नाही, त्यांना काही विचारत नाही. अशा परकेपणातूनही पुन्हा पेला हाती येतो.

कुटुंबोपचारात समुपदेशक सर्वांना एकत्र बसवितो. दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे नसतो. कर्ज कोण फेडते, खोटे कोण बोलते, संध्याकाळी सातनंतर घरात काय घडते, हे विचारले जाते. मग एकेक सवय बदलावयाची. वॉलिन आणि बेनेट या अमेरिकन संशोधकांना एक गोष्ट आढळली: पालक पीत असूनही ज्या घरांनी एकत्र जेवण व सणवार मोडू दिले नाहीत, तेथील मुलांमध्ये व्यसन कमी उतरले. नाताळचा फराळ वा रात्रीची रोझरी बाबांची वाट न पाहता सुरू करणे, यालाही उपचारात स्थान आहे.

आम्हां धर्मगुरूंकडूनही येथे उणीव राहिली आहे. पतीकडून शपथ घ्यावयाची आणि पत्नीस ‘सोसा’ म्हणून घरी पाठवावयाचे, असे आम्ही कितीदा केले!

मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही चळवळ १९५१ साली लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने अमेरिकेत उभी राहिली. तिचे सभासद व्यसनी माणूस सुधारण्याची वाट न पाहता स्वतःला सावरू लागतात. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ स्थापिले. तेथील ‘सहचरी’ गट पत्नींसाठी आहे. वर्ध्यातील कुटुंबांना सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा मनोविकार विभाग जवळचा आहे.

दोन सावधगिऱ्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकाएकी तोडू नये; झटके येऊन जीवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टर गाठावेत. आणि जेथे मारहाण चालू आहे, तेथे पतिपत्नीस एकत्र बसविणे धोक्याचे ठरते. तेथे प्रथम पत्नी व मुले सुरक्षित ठिकाणी हलवावीत आणि समुपदेशकाने त्यांना वेगळे भेटावे. व्यसनमुक्तीसाठी शासनाचा निःशुल्क दूरध्वनी १४४४६ आहे. घरातील कोणीही तो लावू शकते.